लेनाबाईंचा स्वतःचा आवाज

माझी धाकटी जाऊ सुमन मी परत आल्यापासून एकच विचारते, "अक्का, अमेरिकेत बघितलंत तरी काय?" आणि मी दर वेळी "लई मोठं हाय गं" म्हणते आणि तव्यावरची भाकरी उलटते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. ही खोड लहानपणापासूनची आहे. एकटीनं बसून लिहायला मात्र मला कुणाची भीती वाटत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण नंतर जे हाताला लागेल ते वाचत गेले, पुडीचा कागदसुद्धा सोडला नाही. म्हणून लिहिते आहे. सुमनला वाचायला द्यायचं की नाही ते मागाहून ठरवीन.

मुलगा पराग रेडमंड नावाच्या गावात असतो. तिथं कॉम्प्युटरची एक फार मोठी कंपनी आहे, तो आणि सून ऋतुजा दोघंही तिथंच. तासगावकडची आमची द्राक्षबाग हे एकटे बघतो म्हणाले, म्हणून मी छाटणी उरकून गेले आणि बेदाणा शेडवर चढायच्या आत परत आले. विमानाचं काही लिहीत नाही. बसलं की बसायचं, उतर म्हटलं की उतरायचं.

झाडं, आणि लपलेला डोंगर

मला वाटलं होतं अमेरिकेत नुसत्या उंच इमारती असतील. रेडमंडला उंच काय असेल तर झाडं. सरळ, काळपट हिरवी, मान मोडेपर्यंत वर बघावं तरी शेंडा दिसत नाही. बुंध्यावर शेवाळ असं की झाडांना स्वेटर घातलाय. पाऊस पडतो तो चाळणीतून पीठ पडल्यासारखा, दिवसभर. त्या पावसाला कुणी छत्री उघडत नाही आणि कुणी पळतही नाही. पहिले काही दिवस मला माणूस असा दिसलाच नाही, नुसत्या गाड्या दिसल्या. आमच्या गल्लीत कुणाची कढई खाली पडली तर तीन घरांतून "काय झालं?" म्हणून आवाज येतो. इथं शेजारी कोण राहतं हे ऋतुजालाही ठाऊक नव्हतं.

एक दिवस सकाळी ऋतुजानं आरडाओरडा केला, "आई, लवकर या, लवकर! माउंटन आउट आहे!"

मी पदर सावरत गच्चीत गेले. ढग सरले होते, आणि झाडांच्या पलीकडे, जिथं मी इतके दिवस नुसतं आभाळ समजत होते तिथं, बर्फाचा एक डोंगर उभा होता. इतका मोठा आणि इतका पांढरा की मी हात जोडले.

"इतके दिवस कुठं होता हा?" मी विचारलं.

"आजी, इट वॉज ऑल्वेज देअर!" माझी सात वर्षांची नात आर्या म्हणाली आणि हसायला लागली. दुपारपर्यंत डोंगर परत ढगात गेला. नंतर मी रोज त्या बाजूला बघायची.

द्राक्षाची पानं

पहिल्याच रविवारी ऋतुजा म्हणाली, "आई, आज लेना येणार आहे. आर्या एवढीशी होती तेव्हापासून तीच सांभाळायची तिला. आता वय झालं म्हणून काम सोडलंय तिनं. पण शी इज लाइक फॅमिली, हं."

दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. ऐंशीच्या पुढची असावी, पण पाठ ताठ, आणि पांढरी वेणी डोक्याभोवती गजऱ्यासारखी गुंडाळलेली. आर्या "लेना आजी!" करून तिच्या कमरेला बिलगली. खरं सांगायचं तर मला ते जरा झोंबलं. आपण सातासमुद्रापलीकडून आजी म्हणून यावं आणि ती जागा आधीच भरलेली असावी.

लेनाबाईंनी झाकलेलं भांडं आणलं होतं. आत बोटाएवढ्या हिरव्या गुंडाळ्या, भात भरून वाफवलेल्या.

"कसलं पान आहे गं?" मी ऋतुजाला हळूच विचारलं.

"द्राक्षाचं."

"अगं बाई! हे आमच्याकडं शेळ्या खातात."

ऋतुजाला मी चिमटा काढला तोवर तिनं ते इंग्रजीत सांगूनही टाकलं. लेनाबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे द्राक्षं आहेत?" मी आत गेले आणि बॅगेतून आणलेला आमचा बेदाणा वाटीत घालून पुढे ठेवला. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ चावला. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि आंगठ्याच्या बुडाशी कात्रीचा घट्टा असतो तो चाचपला. आपला हात माझ्यापुढे केला. तिथंच, तसाच घट्टा होता, म्हातारपणानं मऊ झालेला.

त्या मोल्दोव्हा नावाच्या देशातल्या द्राक्षमळ्यातल्या. पूर्वी सोव्हिएत रशिया म्हणून जो मोठा देश होता, त्यातलाच तो एक तुकडा. जेवण झाल्यावर ऋतुजा भांडी लावताना म्हणाली, "आई, सिरीयसली सांगते, ती हिरॉइन होती तिकडे. सिनेमातली."

मी म्हटलं, "आर्याचं शी-शू काढणारी बाई?"

"तीच."

बसची दोरी

लेनाबाई म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत एका खोलीत राहायच्या. पुढच्या मंगळवारी त्यांनी मला बोलावलं. ऋतुजानं मला बसमध्ये बसवून दिलं आणि सांगितलं, "आई, लायब्ररी दिसली की ती पिवळी दोरी ओढायची. बस थांबते. सिंपल आहे."

लायब्ररी दिसली. दोरी डोक्यावरच होती. पण मी ओढायची आणि माझ्या एकटीसाठी एवढी मोठी बस, त्यातली सगळी माणसं थांबायची, हे काही माझ्या हातून होईना. दुसरं कुणी ओढेल म्हणून वाट बघत राहिले. कुणी ओढली नाही. बस शेवटच्या स्टॉपला गेली, सगळे उतरले, ड्रायव्हर मागे वळून काहीतरी म्हणाला. मी लेनाबाईंच्या पत्त्याची चिठ्ठी दाखवली. त्यानं कपाळावर हात मारला, चिठ्ठी परत दिली, बसा म्हणून खूण केली आणि उलट्या फेरीत लायब्ररीपाशी स्वतःहून बस थांबवली. उतरताना त्यानं दोरीकडे बोट दाखवलं आणि ओढल्याची नक्कल केली. मागची एक बाई हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेनाबाई स्टॉपवर पावसात उभ्या होत्या. ही हकीकत खुणांनी कळल्यावर त्या मला "ए घाबरट" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या आणि दंडाला धरून घरी घेऊन गेल्या.

खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीत कुंड्या. भिंतीवर मोठा काळा-पांढरा फोटो: डोंगरउतारावर द्राक्षाच्या ओळी आणि पुढे डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी. काय ते डोळे! मी फोटोकडे बघितलं, लेनाबाईंकडे बघितलं, आणि नकळत उभी राहिले. आपल्याकडं सिनेमातली माणसं पडद्यावर असतात, नाहीतर बंगल्यात. त्या मुलीनं माझ्यासाठी चहा टाकला होता.

दुसऱ्या बाईचा आवाज

त्यांचं आयुष्य मला एका बैठकीत कळलं नाही. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं नाहीच. थोडं मंगळवारी खुणांनी कळायचं, उरलेलं ऋतुजा बरोबर असली की. जोडून लिहिते.

लेनाबाई सतरा-अठराच्या असताना त्यांच्या गावात सिनेमावाले आले, द्राक्षतोडणीचं चित्रण करायला. गर्दीत उभं राहायला गावच्या बायका घेतल्या. कॅमेरावाल्यानं चित्रण पाहिलं आणि म्हणाला, ती तिसरी मुलगी परत बोलवा. तिथून त्या मॉस्कोला शिकायला गेल्या. मग सिनेमांत नर्स झाल्या, नवरी झाल्या, लढाईत हरवलेल्या मुलाची आई झाल्या, ती आई तर पंचविशीतच. त्यांच्या चेहऱ्याची मोठमोठी चित्रं थिएटरांवर लागायची. पण एकाही सिनेमात त्यांचा आवाज नाही.

मला हे कळेचना. ऋतुजानं दोनदा विचारून घेतलं. तिकडची रीतच तशी होती. बाहेरच्या मुलखातल्या नटांच्या बोलण्याला मॉस्कोच्या मानानं गावंढळ हेल असायचा. म्हणून चेहरा त्यांचा घ्यायचा आणि आवाज मॉस्कोच्या नटीचा घालायचा. दिग्दर्शक लेनाबाईंना सांगायचे, तू तुझ्या भाषेतच बोल, म्हणजे चेहरा खरा दिसेल. शब्दांचं आम्ही नंतर बघू. शब्दांचं नंतर बघणारी बाई बहुतेक वेळा एकच होती. लेनाबाईंना ती जन्मात एकदाच भेटली, मॉस्कोत, स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये सूप घेताना. तिनं ताट खाली ठेवलं, लेनाबाईंना मिठी मारली आणि म्हणाली, "तू कुठं श्वास घेतेस ते मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत आहे."

याहून नवल म्हणजे, आपल्या मुलखातल्या स्टुडिओत लेनाबाई स्वतः दुसऱ्यांना आवाज द्यायच्या. आपले हिंदी सिनेमे त्यांच्याकडे फार चालायचे. त्यातल्या नायिका मोल्दोव्हाच्या भाषेत लेनाबाईंच्या आवाजात रडायच्या! फिल्मचा छोटा तुकडा कापून त्याची दोन टोकं जोडून कडं करायचे. ते कडं मशीनवर फिरत राहायचं, तेच तोंड परत परत हलायचं, आणि शब्द ओठांवर नेमका बसेपर्यंत बोलत राहायचं. हे सांगताना त्यांनी बोटानं हवेत वर्तुळ काढलं. मुंबईच्या नायिका किती वेळ रडतात म्हणून तक्रारही केली.

मग तो मोठा देश मोडला. स्टुडिओला कुलूप लागलं. लेनाबाई बाजारात विणलेले मोजे विकायला बसू लागल्या. एक दिवस एक बाई समोर थांबली, चेहरा निरखून म्हणाली, "तुम्ही त्या 'शेवटची रांग' सिनेमातल्या तर नव्हे?" लेनाबाई म्हणाल्या, "हो, मीच." ती बाई ऐकून मागे सरली. "छे. आवाज तुमचा नाही," म्हणाली, आणि मोजे न घेता गेली.

पुढे मुलगा मिहाई अमेरिकेला नोकरीला आला, त्यानं आईला आणलं, आणि आईनं इथं लोकांची मुलं सांभाळली. मिहाई मला भेटला तेव्हा साठीला टेकलेला होता, आईशी सारखा वाद घालणारा आणि तिच्या खोलीतून जाताना केराची पिशवी न सांगता घेऊन जाणारा.

आता मुद्द्याचं. तिथं राहणाऱ्या मोल्दोव्हाच्या लोकांच्या मंडळानं 'शेवटची रांग' दाखवायचं ठरवलं होतं, लेनाबाईंचा सत्कार म्हणून. लेनाबाईंनी अट घातली: सगळा सिनेमा आहे तसा दाखवा, पण मळ्यातल्या प्रसंगाला आवाज बंद करा. तिथं मी उभी राहून माझ्या तोंडचं मीच बोलणार.

मिहाईला हे पटत नव्हतं. तो ऋतुजाला म्हणाला, "लोकांना तो आवाज पाठ आहे. तोच ऐकायला येतात ते. आई उभी राहील आणि लोक हसतील. मग ती काय करेल?"

लेनाबाई म्हणाल्या, "मरायच्या आधी एकदा माझा चेहरा आणि माझा आवाज एका खोलीत आणायचाय मला. हसले तर हसले."

अडचण वेगळीच होती. त्या प्रसंगात आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवत नव्हतं. कागदावर होतं ते मॉस्कोच्या भाषेत. त्यांच्या भाषेतलं जिथल्या तिथं बोललेलं, कुठंच नोंदलेलं नाही. आता ते शब्द फक्त पडद्यावरच्या ओठांवर उरले होते, मुके. म्हणून त्यांनी मिहाईकडून तेवढा तुकडा लॅपटॉपवर जुन्या कड्यासारखा फिरता करून घेतला होता. दर मंगळवारी मी चहा घेऊन शेजारी बसायची आणि त्या स्वतःच्याच तोंडाकडे बघून शब्द शोधायच्या.

प्रसंग असा. नवरा लढाईवर गेलाय. बायको संध्याकाळी एकटी मळ्यात वेलींच्या काड्या बांधत चाललीय आणि नवऱ्याशी मनातलं बोलतेय. आठवड्याला दोन-तीन वाक्यं सापडायची. सापडलं की लेनाबाई टाळी वाजवायच्या आणि पानांच्या गुंडाळ्यांचं ताट माझ्यापुढं सरकवायच्या. भाषेचा एक शब्द मला कळत नव्हता, पण आवाज ओठांवर बसला की मलाही कळायचं. अंगावर काटा यायचा.

शेवटचा तुकडा मात्र काही केल्या हाती येईना. तिथं मॉस्कोच्या बाईच्या आवाजात होतं, "परत ये. मी वाट बघते आहे." ते वाक्य म्हणे सगळ्या देशाला पाठ. पण ओठ ते बोलत नव्हते, हे मलाही दिसत होतं.

चिंच, शासे, शाप्ते

एका रविवारी लेनाबाईंनी आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं. मक्याच्या पिठाचा घट्ट पिवळा गोळा पाटावर उपडा केला. आपल्या उकडीसारखाच, पण जाड. तो सुरीनं कापत नाहीत. दोऱ्यानं कापतात, दोऱ्याचं एक टोक या हातात, एक त्या हातात, खालून वर. लेनाबाई माणसांगणिक तुकडे पाडत पुटपुटत होत्या, "उनु, दोय, त्रेय, पात्रु, चिंच…"

"आजी!" आर्या किंचाळली. "फाइव्ह म्हणजे चिंच! लाइक, इमली चिंच!"

"आणि दोनला दोय, तीनला त्रेय," पराग म्हणाला. "बघ आई, एवढ्या लांब जाऊन बसलेत आपलेच आकडे."

सगळे हसत होते. मी लेनाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. "शासे, शाप्ते, ओप्त." ओठ जरा पसरले, मिटले, गोल झाले, परत मिटले. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. हेच तोंड मी कितीतरी मंगळवार बघत होते.

तेवढ्या माणसांत मी काही बोलले नाही. मंगळवारी दोघीच असताना, लॅपटॉपवर तो तुकडा फिरायला लागला तशी मी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावरच्या मुलीचे ओठ हलले तसं मी एक बोट वर केलं. मग दुसरं. मग तिसरं. लेनाबाई आधी मला हसल्या. चौथ्या बोटाला त्या हसायच्या थांबल्या. तुकडा परत सुरू झाला. या वेळी त्यांनी स्वतः म्हटलं, हळू, "उनु… दोय… त्रेय…" आकडा न् आकडा ओठांवर बसला.

मला वाटलं त्या टाळी वाजवतील. त्यांनी लॅपटॉप मिटला. खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "आय चीट." चीट म्हणजे काय ते मला आर्याबरोबर पत्ते खेळून ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ऋतुजा ऑफिसमधून आली ती तोंड पाडूनच. "आई, लेनानं कॅन्सल केलं."

मिहाईनं तिला फोनवर सांगितलं होतं ते असं. चित्रणाच्या दिवशी ऊन उतरत चाललं होतं, थंडी होती, दिग्दर्शक ओरडत होता आणि लेनाबाई शेवटचं वाक्य विसरल्या. नाहीतरी आवाज मॉस्कोचा येणार, ओठ हलले म्हणजे झालं, असं म्हणून त्यांनी समोरच्या वेली मोजल्या. दिग्दर्शक म्हणाला, उत्तम. पुढे लोक त्या जागेला रडू लागले आणि त्याही विसरून गेल्या. आता म्हणत होत्या, "लोकांपुढं उभं राहून सांगू काय? की ज्याला तुम्ही आयुष्यभर रडलात ते उजळणीचे आकडे होते?"

ही करणी माझ्या बोटांची होती. मी म्हटलं, "ऋतुजा, मला तिच्याकडं घेऊन चल. आत्ता."

"आई, आत्ता? ट्रॅफिक बघा ना बाहेर."

"मग पराग, तू चल."

शेवटी दोघंही आले. लेनाबाई पलंगावर बसल्या होत्या, मिहाई दारात उभा. चौघं माझ्याकडे बघायला लागले तशी माझी जीभ टाळूला चिकटली. मी लेनाबाईंचा हात धरला आणि त्यांच्याकडंच बघून बोलले, ऋतुजा मागून इंग्रजीत सांगत गेली.

"परागचे वडील दोन वर्षं मुंबईला गोदीत कामाला होते. बाग नवी होती. मी एकटी काड्या बांधायची. परत या, वाट बघते, असं मी एकदाही म्हटलं नाही. बागेत असं कोण म्हणतं? मी वेली मोजायची. मोजत गेलं की तेवढा वेळ रडू येत नाही. मोजणी चुकली की पहिल्यापासून."

पराग माझ्याकडे असं बघत होता, जसं तो डोंगर पहिल्यांदा दिसल्यावर मी बघितलं असेल. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार?

लेनाबाईंनी फक्त एक विचारलं, "चुकायची का?"

"रोज," मी म्हटलं.

हॉल

कार्यक्रम त्यांच्या देवळाखालच्या हॉलमध्ये होता. लोखंडी खुर्च्या, लोणच्याचा आणि कसल्याशा हिरव्या पाल्याचा वास, टेबलावर थरांचे केक. सगळी माणसं म्हातारी, लोकरीच्या कपड्यातली. एकमेकांना इतक्या जोरात मिठ्या मारत होती की मला क्षणभर गावच्या जत्रेत आल्यासारखं वाटलं. मिहाई लॅपटॉपपाशी बसला. लेनाबाईंनी काळा झगा घातला होता आणि वेणी नव्यानं बांधली होती. माझ्याशी बोलणं झाल्यावर त्या परत तयार झाल्या होत्या, पण शेवटच्या वाक्याच्या जागी "परत ये, वाट बघते" हेच आपल्या भाषेत बसवून म्हणेन, असं त्यांनी मिहाईला कबूल केलं होतं. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत नव्हतं. मिहाईलाही नसावं, कारण तो सारखा चष्मा पुसत होता.

सिनेमा सुरू झाला. तो मॉस्कोचा आवाज हॉलमध्ये भरला, मधासारखा दाट. मी तो लॅपटॉपच्या बारीक पिपाणीतून ऐकला होता; एवढा मोठा ऐकून मला लेनाबाईंसाठी भीती वाटली. पुढच्या रांगेतल्या बायका वाक्य येण्याआधीच ओठांनी म्हणत होत्या. सगळ्यांना सगळं पाठ. त्या आवाजापुढं हिनं उभं राहायचं?

मळा आला. मिहाईनं आवाज बंद केला. हॉल एकदम बहिरा झाल्यासारखा झाला, खुर्च्यांची कुरकुर ऐकू आली. लेनाबाई माइक घेऊन पडद्याच्या कडेला उभ्या राहिल्या. पहिला शब्द जरा मागे पडला. कुणीतरी खाकरलं. दुसरं वाक्य ओठांना जाऊन भिडलं.

हे कसं लिहावं मला कळत नाही. वर तरुण मुलगी काड्या बांधत होती, खाली म्हातारी बोलत होती, आणि आवाज येत होता तो त्या मुलीच्या तोंडातून. तो गोड नव्हता. जाडसर, गावचा, जरा फुटलेला होता, बांधावरून हाक मारणाऱ्या बाईचा असतो तसा. पण त्या आवाजानं त्या मुलीच्या हातांना माती लागली. इतका वेळ ती सुंदर होती. आता ती बागेतली बाई झाली. मी ऋतुजाचा हात कधी धरला ते मला आठवत नाही.

शेवटचा तुकडा आला. लेनाबाईंनी श्वास घेतला.

"उनु," त्या म्हणाल्या.

मिहाईनं मान वर केली.

"दोय. त्रेय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. लेनाबाई थांबल्या नाहीत. पडद्यावरची मुलगी एकेका वेलीशी वाकत होती आणि एकेक आकडा बरोबर तिच्या ओठांवर पडत होता. "पात्रु. चिंच. शासे." हसणारा गप्प झाला. "शाप्ते. ओप्त." मुलगी रांगेच्या टोकाशी पोचली. तिथं नुसता खांब होता, वेल नव्हती. तिनं खांबाला हात लावला. ओठ मिटले. लेनाबाईही थांबल्या.

मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आशा." मिहाईनं मला नंतर सांगितलं, त्याचा अर्थ होतो, "अस्संच असतं."

पुढचा प्रसंग सुरू झाला. मिहाईनं आवाज परत चालू करायला हात पुढं केला, तर माणसं ओरडायला लागली, नको, नको, बंदच ठेव, पुढचंही हिलाच बोलू दे. एक बाई तर उठून उभी राहिली. लेनाबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि माइकमध्ये काहीतरी बोलल्या. मिहाईनं ते आम्हांला इंग्रजीत सांगितलं, ऋतुजानं माझ्या कानात मराठीत. त्या म्हणाल्या होत्या, "आता तिला बोलू द्या. माझा श्वास न् श्वास तिनं मोजलाय."

त्यांनी माइक बंद करून टेबलावर ठेवला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. हात गार पडले होते, ते मी माझ्या शालीत घेतले. पडद्यावर मॉस्कोची ती दुसरी बाई बोलू लागली, आणि लेनाबाई मान जरा कलती करून, पहिल्यांदाच सिनेमाला आलेल्या माणसासारख्या, तिचं ऐकत बसल्या.